बैल जगप्रसिद्ध, शिल्पकार अनोळखी

बल्लारपूर (प्रतिनिधी) : २९ मार्च २०२३ रोजी येथील वन विकास महामंडळाच्या आगारातून सागवानाची पहिली खेप वाजतगाजत अयोध्येकडे रवाना झाली. आलापल्ली-बल्लारशाहचा साग राममंदिराच्या महाद्वारांसाठी निवडला गेला, याचा आनंद साऱ्या जिल्ह्याला झाला होता. पुढे २२ जानेवारी २०२४ रोजी मंदिरात मूर्तीची प्रतिष्ठापना झाली आणि म्हैसूरचे शिल्पकार अरुण योगीराज यांचे नाव एका दिवसात देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. मूर्ती घडविण्याचे काम मात्र तिघांकडे होते. कर्नाटकातील गणेश भट्ट आणि राजस्थानातील सत्यनारायण पांडे यांनीही आपापल्या मूर्ती पूर्ण केल्या होत्या. निवड एकाची झाली, त्यामुळे उरलेल्या दोघांची नावे आज फारच थोड्यांना सांगता येतील. आपल्या सागवानावर नक्षी कोरून ज्यांनी दारे घडविली, त्या कारागिरांपैकी तर एकाचेही नाव लोकांपर्यंत आले नाही.

शिल्पकाराला लोकप्रियता मिळते ती नेमकी कशामुळे? हातातील कसबामुळे, की ते कसब कोठे, कोणासमोर आणि कोणाच्या पैशाने उभे राहिले त्यामुळे? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर दोन बैलांच्या कथेत सापडते. त्यांपैकी एक बैल इटालियन शिल्पकाराचा आहे, तर दुसरा सोलापूरच्या मराठी शिल्पकाराचा.

न्यूयॉर्कचा बैल

आर्तुरो दि मोदिका यांचा जन्म १९४१ मध्ये सिसिली बेटावरील व्हित्तोरिया या गावी झाला. तरुणपणी ते न्यूयॉर्कला आले आणि तेथेच स्थिरावले. ऑक्टोबर १९८७ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, तेव्हा खचलेल्या लोकांना उभारी देणारे काही करावे, असे त्यांच्या मनाने घेतले. शेअर बाजाराच्या भाषेत तेजीचे प्रतीक म्हणजे बैल. मान खाली घालून, शेपटी उगारून, धडक देण्याच्या पवित्र्यात असलेला १६ फूट लांब आणि सुमारे सव्वातीन टन वजनाचा ब्राँझचा बैल त्यांनी घडविला. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. साडेतीन लाख डॉलरहून अधिक खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला.

डिसेंबर १९८९ मध्ये, नाताळच्या तोंडावर, त्यांनी हा बैल रात्रीच्या वेळी मालमोटारीवर लादून आणला आणि न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या इमारतीसमोर उतरवून ठेवला. परवानगी घेतलेली नव्हती. सकाळी कामावर येणाऱ्यांनी त्याभोवती गर्दी केली. बाजाराच्या अधिकाऱ्यांना मात्र हा आगंतुक पाहुणा रुचला नाही. त्यांनी त्याच दिवशी बैल उचलून नेण्याची व्यवस्था केली. वृत्तपत्रांना आयतीच बातमी मिळाली आणि लोकांनी बैलाची बाजू घेतली. शेवटी अवघ्या काही दिवसांत शहराच्या उद्यान विभागाने तो जवळच्या बोलिंग ग्रीन या चौकात ठेवण्यास संमती दिली. ती संमती तात्पुरती होती. तरीही बैल आजतागायत तेथेच आहे. जगभरचे पर्यटक येतात, रांगा लावतात, छायाचित्रे काढतात. असंख्य हातांच्या स्पर्शाने त्याचे नाक आणि शिंगे सोन्यासारखी चकाकू लागली आहेत.

अधिकृत निमंत्रणाने उभा राहिला असता, तर हा बैल इतका गाजला असता का, याची शंकाच आहे. नाकारला गेल्यामुळेच त्याची कथा झाली, आणि कथेला नायक लागतो म्हणून लोक शिल्पकाराविषयी विचारू लागले. दि मोदिका यांनीही ही कथा हातची जाऊ दिली नाही. बैलाचे स्वामित्वहक्क त्यांनी स्वतःकडे राखले. बैलाच्या प्रतिकृती विकल्याबद्दल त्यांनी २००६ मध्ये वॉलमार्ट आणि अन्य काही कंपन्यांवर दावा लावला. २०१० मध्ये शांघायसाठी त्यांनी अशाच स्वरूपाचा आणखी एक बैल घडविला. २०१७ मध्ये क्रिस्टन व्हिस्बाल या शिल्पकर्तीची, कमरेवर हात ठेवून निर्भयपणे उभी असलेली छोटी मुलगी बैलाच्या पुढ्यात आणून बसविण्यात आली. त्यामुळे आपल्या शिल्पाचा अर्थच पालटला, अशी तक्रार घेऊन दि मोदिका वकिलांसह पत्रकारांसमोर आले. त्यांचे म्हणणे किती जणांना पटले, हा भाग वेगळा. पण पुढील वर्षी ती मुलगी तेथून हलवून शेअर बाजाराच्या इमारतीसमोर नेण्यात आली. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी दि मोदिका यांचे त्यांच्या जन्मगावीच निधन झाले, तेव्हा जगातील बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी दखल घेतली. मथळ्यांत मात्र ठळक होता तो बैल.

दलाल स्ट्रीटचा बैल

आता मुंबईकडे वळू. मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीपाशी ब्राँझचा जो बैल उभा आहे, तो मराठी माणसाला न्यूयॉर्कच्या बैलापेक्षा अधिक परिचित आहे. सेन्सेक्स चढला वा पडला की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणि दुसऱ्या दिवशीच्या अर्थविषयक पानावर हटकून तोच दिसतो. तो घडविला सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी. जानेवारी २००८ मध्ये तो बसविण्यात आला. त्याच महिन्यात सेन्सेक्सने २१ हजारांचा टप्पा ओलांडून उच्चांक गाठला होता आणि त्याच महिन्याच्या २१ व २२ तारखांना बाजार धाडकन कोसळला. तेजीच्या प्रतीकाचे स्वागत मंदीने करावे, हा योग विलक्षणच म्हणायचा.

दोन्ही बैलांचा विषय एक, धातू एक, जागाही एकाच प्रकारची. तरी दोन्ही शिल्पकारांच्या लोकप्रियतेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. याचे कारण कसबातील तफावतीत शोधणे चुकीचे ठरेल. रामपुरे यांच्या बैलाचे वळलेले मानेचे स्नायू आणि वशिंडाची भारतीय ठेवण पाहिली, तर हा अमेरिकी बैलाचा केवळ अनुवाद नाही, हे ध्यानात येते. फरक आहे तो परिस्थितीचा. न्यूयॉर्कचा बैल उघड्या चौकात आहे, कोणीही त्याला हात लावावा. मुंबईचा बैल १९९३ च्या बाँबस्फोटानंतर कडेकोट झालेल्या सुरक्षेच्या छायेत उभा आहे. त्याच्या शिंगांना लोंबकळून छायाचित्र काढण्याची सोय सामान्यांना नाही. न्यूयॉर्कचा बैल शिल्पकाराने स्वतःहून आणला, म्हणून तो शिल्पकाराचा. मुंबईचा बैल संस्थेने बसविला, म्हणून तो संस्थेचा, असे लोक सहजच धरून चालतात.

शेअर बाजारासमोरील शिल्पांची ही गोष्ट मिलानचा उल्लेख केल्याविना पुरी होत नाही. इटलीचा शेअर बाजार जेथे वाढला, त्या चौकात २०१० मध्ये मौरित्सिओ कात्तेलान यांनी कॅरारा संगमरवराचा एक प्रचंड पंजा उभा केला. मधले बोट तेवढे ताठ उभे आणि बाकीची बोटे छाटलेली. आर्थिक मंदीनंतरच्या त्या दिवसांत त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. १९६० मध्ये पादुआ येथे जन्मलेले कात्तेलान हे आज हयात असलेल्या इटालियन शिल्पकारांमध्ये बहुधा सर्वाधिक चर्चेतील नाव. भिंतीला चिकटपट्टीने डकवलेले केळे ही त्यांचीच कलाकृती. २०१९ मध्ये मायामीच्या कलाबाजारात ती प्रथम मांडली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला विकली गेली. घेणाऱ्याने ते केळे नंतर खाऊनही टाकले.

कात्तेलान स्वतः छिन्नी-हातोडा हाती घेत नाहीत. कल्पना त्यांची, हात दुसऱ्यांचे. त्यांच्या गाजलेल्या मेणाच्या आकृत्या घडविणारे फ्रेंच कारागीर-शिल्पकार दानिएल द्रुए यांनी, या कलाकृतींचे जनक आपणच आहोत, असा दावा पॅरिसच्या न्यायालयात केला होता. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कलेच्या जगात आज नाव मिळते ते कल्पनेला, हे त्या निकालाच्या निमित्ताने पुन्हा अधोरेखित झाले. द्रुए यांच्याविषयी सहानुभूती वाटणाऱ्यांची संख्याही थोडी नव्हती.

याच्या अगदी उलट टोकाला याकोपो कार्दिल्लो ऊर्फ यागो हा १९८७ मध्ये फ्रोझिनोने येथे जन्मलेला तरुण शिल्पकार आहे. तो जुन्या पद्धतीने स्वतः संगमरवर कोरतो आणि कोरतानाची चित्रफीत समाजमाध्यमांवर लोकांना दाखवितो. शिळेतून चेहरा हळूहळू बाहेर येताना लाखो लोक पाहतात, आणि शिल्प पूर्ण होण्याआधीच त्याला प्रेक्षक लाभलेला असतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांचा त्याने घडविलेला अर्धपुतळा, पोपनी २०१३ मध्ये पदत्याग केल्यावर, त्याने पुन्हा कोरायला घेतला आणि अंगावरची वस्त्रे छिन्नीने उतरवून उघड्या अंगाचा वृद्ध माणूस त्यातून काढला. नोव्हेंबर २०२० मध्ये, साथीच्या काळात, नेपल्सच्या मोठ्या चौकात त्याने साखळीने बांधलेले नवजात बालकाचे शिल्प ठेवले. समीक्षक त्याच्याकडे काहीसे संशयाने पाहतात, कात्तेलानला मिळते ती प्रतिष्ठा ते त्याला देत नाहीत. लोक मात्र त्याची प्रदर्शने पाहायला रांगा लावतात. लिलावातील किंमत, समीक्षकांचा मान आणि लोकांचे प्रेम या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि एकाच शिल्पकाराच्या वाट्याला त्या तिन्ही क्वचितच येतात.

इटलीचा दगड, मराठी हात

इटलीचे आणि मराठी शिल्पकलेचे नाते जुने आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात ऑगुस्तो फेलिची हा इटालियन शिल्पकार काम करीत होता, लक्ष्मीविलास राजवाड्यातील त्याची शिल्पे आजही पाहता येतात. त्या काळात संस्थानिकांना आणि धनिकांना पुतळा हवा असला की तो विलायतेतून वा इटलीतून घडवून आणण्याची चाल होती. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीचा पुतळाही मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराचा. अशा वातावरणात १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे या जे. जे. कला शाळेतील विद्यार्थ्याने 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प घडविले. नऊवारी साडीतील, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली ही मराठी स्त्री पाहून लंडनमध्ये जॉर्ज बर्डवूड यांच्यासारख्या जाणकाराने तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. म्हात्रे यांची कीर्ती एका शिल्पाने देशभर पसरली आणि पुढे संस्थानिकांचे व राजघराण्यांचे पुतळे करण्याची कामे त्यांच्याकडे चालत आली. म्हणजे परदेशी हातांची मक्तेदारी मोडली ती एका विद्यार्थ्याने.

परंतु मराठी शिल्पकारांपैकी सर्वाधिक डोळ्यांनी पाहिलेले काम कोणाचे, असे विचारले, तर उत्तर म्हात्रे नव्हे. ते बालाजी वसंत तालीम यांचे. शिर्डीच्या समाधी मंदिरातील साईबाबांची मूर्ती त्यांनी घडविली आणि १९५४ च्या विजयादशमीला तिची स्थापना झाली. मूर्तीचा पांढराशुभ्र संगमरवर इटलीहून मुंबई बंदरात आला होता, असे सांगितले जाते. गेली सत्तर वर्षे दररोज हजारो माणसे या मूर्तीपुढे उभी राहतात. तिची चित्रे घराघरांत, दुकानांत, रिक्षांच्या काचांवर आहेत. एक पाय दुसऱ्यावर टाकून बसलेल्या साईबाबांची जी प्रतिमा आज सर्वांच्या डोळ्यांपुढे येते, ती बव्हंशी तालीम यांच्या मूर्तीने पक्की केली. बल्लारपूरहून शिर्डीला जाणाऱ्या भाविकांना तालीम हे नाव विचारून पाहावे. लोकप्रियतेची मोजणी पाहणाऱ्यांच्या संख्येने केली, तर दि मोदिका, कात्तेलान आणि यागो हे तिघे मिळूनही तालीम यांच्या जवळपास येणार नाहीत. देवाची मूर्ती करणाऱ्याने स्वतः मागे सरायचे, ही आपली परंपरा. त्यामुळे तालीम यांचे नाव झाकले गेले याची खंत भाविकांना वाटत नाही, आणि वाटावी अशी अपेक्षाही कोणी करू नये.

पुतळ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात १९२८ पासून उभा असलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा विनायक पांडुरंग करमरकर यांचा. अलिबागजवळील सासवने या गावच्या या मुलाने देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिले आणि त्याला मुंबईच्या कला शाळेत धाडले. त्याच मुलाने पुढे एवढा मोठा अश्वारूढ पुतळा एकसंध ओतवून दाखविला. गेटवे ऑफ इंडियासमोरील १९६१ चा अश्वारूढ शिवपुतळा कल्याणच्या सदाशिव साठे यांचा. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा रघुनाथ कृष्ण फडके यांचा. हे पुतळे महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचे कोरले गेले आहेत. साठे यांचे ऑगस्ट २०२१ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा गेटवेचा पुतळा त्यांचा होता हे अनेकांना मृत्युवार्तेतूनच कळले.

उंचीने मिळालेली कीर्ती

या सर्वांत एकच अपवाद ठळकपणे पुढे येतो, तो राम वनजी सुतार यांचा. १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले सुतार जे. जे. मध्ये शिकले आणि १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्यात राहून वेरूळ-अजिंठ्याच्या भग्न मूर्तींची डागडुजी करीत होते. नोकरी सोडून ते दिल्लीत स्वतंत्र काम करू लागले. मध्य प्रदेशातील गांधीसागर धरणावर त्यांनी ४५ फुटी चंबळमाता घडविली. संसद भवनाच्या आवारातील ध्यानस्थ गांधीजी त्यांचेच. गांधीजींचे त्यांनी घडविलेले अर्धपुतळे अनेक देशांत गेले. १९९९ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१६ मध्ये पद्मभूषण. तरीही सर्वसामान्य मराठी वाचकाला सुतार हे नाव परिचित झाले ते ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी. त्या दिवशी गुजरातेत नर्मदेच्या काठी सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तेव्हा सुतार ९३ वर्षांचे होते.

शंभर फुटांचा पुतळा आणि दहा फुटांचा पुतळा यांच्या घडणीत मूळ कला एकच असते. प्रथम मातीत लहान प्रतिकृती घडते, तिच्यात चेहऱ्याचा भाव, कपड्याच्या चुण्या, उभे राहण्याची ढब ठरते. पुढे ती टप्प्याटप्प्याने मोठी केली जाते, साचे निघतात, ओतकाम होते, तुकडे जोडले जातात. पटेलांच्या पुतळ्याच्या बाबतीत हे मोठे करण्याचे काम संगणकाच्या साहाय्याने झाले. आतील गाभा लार्सन अँड टुब्रो कंपनीने उभारला आणि बाहेरील ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतले गेले. इतक्या अवाढव्य कामात शिल्पकाराचा हात असतो तो मूळ प्रतिकृतीत. खालून वर पाहणाऱ्याला नाकडोळे विचित्र दिसू नयेत, म्हणून वरच्या भागाची प्रमाणे कशी बदलायची, याचा हिशेबही त्यालाच करावा लागतो. सुतारांचे कौशल्य येथे होते. गाजली ती उंची. ९३ व्या वर्षी मिळालेल्या या कीर्तीनंतर कामांची रीघच लागली. २०२२ मध्ये बंगळुरूच्या विमानतळापाशी केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा, मुंबईत इंदू मिलच्या जागेवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ३५० फुटी पुतळ्याचा आराखडा, आणि २०२४ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार. डिसेंबर २०२५ मध्ये नोएडा येथे वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मालवणची घटना याच संदर्भात आठवते. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. अनावरणाच्या दिवशी पुतळा कोणी घडविला, हे फारसे कोणी विचारले नव्हते. पडल्याच्या दिवशी तोच पहिला प्रश्न ठरला. नंतर त्या जागी नवा, ६० फुटी पुतळा उभारण्याचे काम सुतारांच्या संस्थेकडे सोपविण्यात आले आणि मे २०२५ मध्ये तो उभा राहिला. शिल्पकाराचे नाव पाहून काम देण्याची वेळ आली, तीही एक पुतळा पडल्यानंतर.

चंद्रपूर-गडचिरोलीची बिननावाची शिल्पे

आपल्या दोन जिल्ह्यांत शिल्पांची वाण नाही, नावांची आहे. वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील मंदिरसमूहाला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याची पाहणी केली, म्हणून त्यांचे नाव प्रत्येक माहितीपत्रकात येते. मूर्ती कोरणाऱ्यांपैकी कोणाचेही येत नाही. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीला नमविणारा सिंह हे गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे. रोज हजारो वाहने त्याखालून जातात. खांडक्या बल्लाळशाह, बीरशाह, राणी हिराई ही नावे सर्वांना ठाऊक आहेत, पण सिंह कोरणारा पाथरवट कोण, हे ठाऊक असण्याची सोयच इतिहासाने ठेवलेली नाही.

चंद्रपूरच्या लालपेठ-बाबुपेठ भागातील अवाढव्य एकाश्म मूर्ती तर या विषयाचा चालताबोलता नमुना होत. एकेका प्रचंड शिळेतून कोरलेल्या या मूर्ती उघड्या मैदानात पडून आहेत. त्यांतील अनेक मुखांच्या देवीला लोक 'रावण' म्हणून ओळखतात. गोंड राजवटीत रायप्पा नावाच्या वैश्य धनिकाने मोठे देवालय बांधण्याच्या हेतूने त्या घडवून घेतल्या आणि त्याच्या मृत्यूमुळे देवालय अपुरे राहिले, असे परंपरा सांगते. मूर्ती आजही रायप्पाच्या नावानेच ओळखल्या जातात. पैसा देणाऱ्याचे नाव टिकले, घण घालणाऱ्यांचे नाही. न्यूयॉर्कच्या बैलाच्या कथेची ही नेमकी उलटी बाजू आहे. दि मोदिका हे स्वतःच धनको होते आणि स्वतःच कारागीर, म्हणून त्यांचे नाव पुसणारे कोणी उरले नाही.

या भागात सर्वाधिक दिसणारे शिल्प मात्र वेगळेच आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत धम्मदीक्षेचा सोहळा झाला, आणि त्या पुण्याईने येथील गावागावांत, वस्तीवस्तीत बाबासाहेबांचा पुतळा आहे. कोट, चष्मा, एका हातात संविधान, दुसऱ्या हाताचे बोट पुढे दाखविणारे. ही ढब देशाच्या मनात रुजली ती संसद भवनाच्या आवारात १९६७ मध्ये बसविलेल्या पुतळ्यामुळे, आणि तो पुतळा ब्रह्मेश वाघ या मराठी शिल्पकाराचा. गावोगावचे पुतळे वर्गणीतून उभे राहिले. सिमेंटचे, फायबरचे, ऐपत झाली तेव्हा ब्राँझचे. मजुरीतील एक-दोन दिवसांचे पैसे बाजूला काढणाऱ्या माणसांनी ते उभारले. कलेच्या पुस्तकांत त्यांतील एकाचीही नोंद नसेल, परंतु ज्या शिल्पाला जयंतीच्या पहाटे सारे गाव न्हाऊ घालते, त्याला लोकप्रिय म्हणायचे नाही तर दुसरे कशाला?

बल्लारशाह रेल्वेस्थानकाचेही उदाहरण घ्यावे. ताडोबाचे वाघ, बिबटे, मोर आणि आदिवासी जीवन भिंतींवर उतरले आणि २०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह व चंद्रपूर ही स्थानके देशात संयुक्तपणे पहिली आली. ती चित्रकला आहे, शिल्पकला नव्हे. पण सार्वजनिक जागी कला उभी राहिली आणि बातमी स्थानकाची झाली, हा अनुभव तोच.

नाव कोठे शोधावे

कायदा याबाबतीत शिल्पकाराच्या बाजूचा आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५७ वे कलम कलावंताला आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा, आणि तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क देते. शिल्प विकले गेले तरी हा हक्क संपत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकले, म्हणून शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दावा लावला होता. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. भित्तिशिल्प काढले गेले होते १९७९ मध्ये. न्याय मिळेपर्यंत सव्वीस वर्षे गेली.

पुतळ्यांच्या चौथऱ्यावर बसविलेल्या फलकांची रचना मात्र कायद्याने ठरत नाही. उद्घाटक, प्रमुख अतिथी, अध्यक्ष, पदाधिकारी, कंत्राटदार असा क्रम लागतो. शिल्पकाराला जागा उरलीच, तर ती शेवटच्या ओळीत. पुष्कळदा तीही उरत नाही. सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीला राज्याच्या कला संचालनालयाची मान्यता लागते, म्हणजे शिल्पकाराचे नाव सरकारी कागदावर असतेच. ते चौथऱ्यावर आणण्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही.

ब्राँझच्या पुतळ्यावर शिल्पकाराची सही बहुधा ओतकामाच्या आधी, मेणाच्या वा मातीच्या अवस्थेतच कोरलेली असते. ती समोरून दिसत नाही. उभ्या पुतळ्यात टाचेच्या मागे, पायाखालच्या बैठकीच्या कडेला, अश्वारूढ पुतळ्यात घोड्याच्या मागील खुरांपाशी, अर्धपुतळ्यात खांद्याच्या मागील बाजूस पाहावे. नावाशेजारी अनेकदा वर्ष असते, कधी ओतशाळेचेही नाव असते. संगमरवरी मूर्तीत ते पीठाच्या मागील कडेला कोरलेले सापडण्याची शक्यता असते. फलकाच्या उलट बाजूने, पुतळ्याला पूर्ण फेरी मारली, तरच ही अक्षरे नजरेस पडतात.